तासिका १४, आठवडा ५६ तासांचा

प्रश्न : मी विद्यापीठाच्या एका विभागात सहयोगी प्राध्यापक आहे, नोकरीचं अकरावं वर्ष. आठवड्याला १४ तासिका, त्यात यंदा एक पेपर पूर्ण नवा. चार पीएच.डी.चे विद्यार्थी, परीक्षा समिती, तीन वर्षांपासून वेळापत्रक, शिवाय विभागाच्या मूल्यमापन अहवालातलं एक प्रकरण. शिकवायला मला मनापासून आवडतं, वर्गात उभी राहिले की सगळं विसरते. पण केबिनमध्ये येऊन संगणक उघडला की छातीत धडधडतं. दोन वर्षांत स्वतःचा एकही शोधनिबंध झालेला नाही. हल्ली कुणी विद्यार्थी दाराशी आला की ‘आता याला काय हवंय’ असंच मनात येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. विभागप्रमुख सर म्हणतात, ‘सगळ्यांचंच असं आहे.’ घरचे म्हणतात, ‘चौदा तासांची तर नोकरी!’ माझं चुकतंय का? नोकरी सोडू का? ता. क. : यंदाच्या विद्यार्थी-अभिप्रायात एकाने ‘मॅडम चिडचिड्या झाल्यात’ असं लिहिलंय. महिना झाला, डोक्यातून जात नाही.

उत्तर :

नमस्कार मॅडम,

आधी घरच्यांच्या वाक्याचा हिशेब करू, कारण ते वाक्य तुम्हीही आत कुठेतरी खरं मानून बसला आहात असं पत्रावरून वाटतं.

१४ तासिकांपैकी समजा ४ नव्या पेपरच्या, ४ जुन्या पेपरच्या आणि ६ प्रात्यक्षिकाच्या किंवा गटचर्चेच्या. नवा पेपर पहिल्या वर्षी तासाला तीन तास तयारी सहज खातो, म्हणजे १२. जुन्याला तासामागे पाऊण तास धरला तर ३. प्रात्यक्षिकाची मांडामांड तासाला अर्धा तास, आणखी ३. शिकवणं आणि त्याची तयारी मिळूनच ३२ झाले. चार संशोधक विद्यार्थी, प्रत्येकी दीड तास (भेट आणि त्यांचा मसुदा वाचणं धरून), ६. बाकीच्या विद्यार्थ्यांच्या शंका, शिफारसपत्रं आणि दारातलं ‘मॅडम, दोनच मिनिटं’, ४. ईमेल आणि ग्रुपवरचे निरोप रोज तासभर, ५. परीक्षा समिती, वेळापत्रक आणि अहवाल मिळून ६. झाले ५३. तपासणी अजून धरलीच नाही. १२० विद्यार्थी, सत्रात दोन लेखी कामं, एका कामाला १२ मिनिटं : ४८ तास. सोळा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ३. एकूण ५६, आणि यात तुमच्या स्वतःच्या संशोधनाचं एक मिनिटही नाही.

आणि ते ४८ तास कधी सोळा आठवड्यांत वाटून येतात का? दोन आठवड्यांत २४-२४ असे कोसळतात. त्या आठवड्याची बेरीज मग ७७ होते. सत्राचा सरासरी भार कागदावर बरा दिसत असताना माणूस नेमका तपासणीच्या आठवड्यात का मोडतो, ते यावरून कळेल.

तुमचे आकडे थोडेफार इकडेतिकडे असतील. पण जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जो अंदाज मांडला, त्यात आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला होता. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. घरी पुन्हा ‘चौदा तास’ निघाले तर हा परिच्छेद वाचायला द्या. धडधडीसाठी मात्र एकदा डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळं ताणावर ढकलून मोकळं होणं बरं नाही.

आता वर्गात आवडतं आणि केबिनमध्ये धडधडतं, हे कोडं. समाधान आणि ताण ही एकाच तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली येणारच, असं आपण धरून चालतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून दाखवलं की माणसाला कामात समाधान देणाऱ्या गोष्टी एक असतात (प्रत्यक्ष काम, काही जमल्याचा आनंद, कुणीतरी दखल घेणं) आणि वैताग आणणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा निराळ्याच (कारभाराची पद्धत, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती). त्या मांडणीवर पुढे टीकाही भरपूर झाली, पण तुमच्या पत्राला ती चपखल बसते. शिकवण्याचं प्रेम वाढवून कागदपत्रांचा वैताग कमी होणार नाही. दोन्हींवर वेगवेगळे उपाय करावे लागतील.

दुसरी उपयोगी मांडणी रॉबर्ट कारासेक यांची, १९७९ ची : कामाचा रेटा मोठा आणि त्यावर आपला ताबा कमी, अशी जोडी जमली की ताण सगळ्यात जास्त. वर्गातल्या तासाला रेटा कमी नसतो. ऐंशी चेहरे समोर, घड्याळ पुढे. पण काय सांगायचं, कुठे थांबायचं, कुणाला प्रश्न विचारायचा, हे तुमच्या हातात असतं. अहवालाचं बघा. नमुना रात्री दहाला ग्रुपवर येतो, मुदत सकाळी अकराची. गेल्या वर्षी किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले हा एकच आकडा तीन तक्त्यांत भरायचा, एकात संख्या, दुसऱ्यात टक्के, तिसऱ्यात मुलं-मुली वेगळे. भरून झालं की नमुना बदलल्याचा निरोप. काम अर्ध्या तासाचं आणि थकवा अख्ख्या दिवसाचा! तेव्हा तुमच्या बाबतीत तास कमी करणं जितकं गरजेचं आहे, तितकंच उरलेल्या तासांवर ताबा मिळवणंही.

ज्याची तुम्हाला लाज वाटते, त्याबद्दलही बोलू. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ‘बर्नआउट’ मोजायची प्रश्नावली तयार केली, तिचे तीन भाग आहेत : आतून रिकामं झाल्याची भावना, ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांबद्दल तुटलेपणा, आणि ‘माझ्या हातून काही होत नाही’ ही समजूत. दाराशी आलेल्या मुलाबद्दल तुमच्या मनात जे येतं तो यातला दुसरा भाग. स्वभाव बिघडल्याचं ते लक्षण नाही. पुरवठा संपत आला की मन खर्च आखडतं घेतं, आणि पहिली काटछाट माणसांवरच करतं, कारण कागदाला मुदत असते आणि माणसाला नसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये आपल्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणाशी निगडित स्थिती म्हणून केला. याला एक अपवाद आहे. जवळजवळ रोज, दिवसभर मन खिन्न असणं, वर्गातही रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं असं दोन आठवडे चाललं तर ते नुसतं कामाचं ओझं समजू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असं वाटलं तर त्याच दिवशी भेटा आणि घरच्या कुणाला तरी सोबत न्या.

वर्ग अजून आवडतो असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे आत्ता तुम्ही त्या टोकाला नाही असं धरून पुढचं लिहितो आहोत.

पहिलं काम नोंदीचं, दोन आठवडे. परीक्षेचे किंवा समारंभाचे आठवडे सोडून साधे आठवडे घ्या. कागदावर अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखा आणि सात अक्षरं ठरवा : व वर्ग, त तयारी, प तपासणी, भ विद्यार्थ्यांच्या भेटी, न निरोप आणि ईमेल, क कागद आणि समित्या, श स्वतःचं संशोधन. प्रत्येक अर्ध्या तासापुढे एक अक्षर, आणि त्यापुढे दोन खुणा. ते करून झाल्यावर अंगात जीव आला (अधिक) की गेला (उणे), आणि ते काम तुम्ही ठरवून केलं की मध्येच कुणीतरी टाकलं. टाकलेल्या कामाला गोल करा. बस्स. पंधरा अक्षरं ठरवणारे तिसऱ्या दिवशी नोंद सोडतात. रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहायचं तर त्याहून वाईट, कारण मनाला त्रासाचा अर्धा तास दोन तासांचा वाटतो आणि नेमका तोच आकडा आपल्याला खरा हवाय. दर तासिकेनंतर वीस सेकंद, एवढ्यात होतं. शनिवार-रविवारही लिहा, आणि रात्री साडेदहाला फोनवर दिलेलं उत्तरही.

दोन आठवड्यांनी बेरीज करताना एकूण तासांआधी गोल केलेल्या खुणा मोजा. त्या तीस टक्क्यांच्या वर असतील तर तुमचा मुख्य आजार व्यत्ययाचा आहे आणि तासिका कमी करूनही फारसा फरक पडणार नाही. मग उणे खुणा कुठल्या अक्षराशी दाटल्यात ते पाहा. आणि ‘श’पुढे शून्य असेल तर शून्यच लिहा, ‘मधूनमधून विचार चालू असतो’ असली सवलत देऊ नका.

तपासणीत हात घातला तर सगळ्यात लवकर वेळ सुटतो, म्हणून तिथे जरा थांबू. १२ मिनिटांचं काम ८ मिनिटांवर आणलं तर १२० जणांमागे ८ तास वाचतात, म्हणजे पूर्ण एक दिवस. त्यासाठी विद्यार्थ्यांना काम देतानाच निकषांचा तक्ता द्या. चार निकष, प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीचं वर्णन एका ओळीत. सहा निकष आणि पाच पायऱ्या केल्या की तुम्ही स्वतःच तक्त्यात हरवता. गठ्ठा हातात आला की गुण न देता पाच पेपर नुसते वाचा, तक्ता बसतो का पाहा, नसेल तर तिथेच दुरुस्त करा. मग तपासायचं ते प्रश्नवार. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. एकच उत्तर डोक्यात राहतं, वेग वाढतो आणि पहिल्या उत्तराचा प्रभाव दुसऱ्यावर पडत नाही. दहा-बारांचा एक हप्ता, मग उठा. दीड तासापलीकडे बसलात तर गुण एक तर कडक होत जातात नाही तर सरसकट सढळ. म्हणून शेवटी पहिले पाच पेपर पुन्हा काढून बघायचे, फरक तिथेच सापडतो.

शेरे लिहिण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि त्यातले बरेच वाया जातात. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसते शेरे मिळालेल्यांची पुढची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांची नाही, गुण पाहिले की शेऱ्याचं महत्त्व संपलं. विद्यापीठातली मुलं मोठी असली तरी अंतिम कामावरचे लांबलचक शेरे किती जण वाचतात, ते तुम्ही जाणताच. तेव्हा सविस्तर शेरा कच्च्या मसुद्यावर द्या, गुण नसलेल्या, तोही एका पानावर. अंतिम कामावर तक्त्यात खुणा आणि एक वाक्य. वारंवार लागणारी पंधरा वाक्यं एका फाइलमध्ये क्रमांक घालून ठेवा आणि पेपरवर फक्त क्रमांक टाका (‘३, ७’), यादी विद्यार्थ्यांना एकदाच वाटा. आणि दोन वर्गांच्या मुदती एकाच आठवड्यात ठेवू नका. हे सांगायला साधं वाटतं, पण ७७ तासांचा आठवडा बहुतेक वेळा आपणच सत्राच्या पहिल्या दिवशी, कॅलेंडर न बघता, ओढवून घेतलेला असतो.

तयारीच्या बाबतीत उलटा सल्ला : थोडी वाईट तयारी करा. रॉबर्ट बॉइस यांनी नव्या प्राध्यापकांना वर्षानुवर्षं जवळून पाहिलं, तेव्हा अडचणीत सापडणारे बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त तयारी करून वर्गात जाताना दिसले. जमवलेलं सगळं सांगायचं म्हणून ते घाईत बोलत आणि मुलांच्या हाती कमी लागत असे. तुम्ही नव्या नाहीत, पण पेपर नवा आहे. तासाला दोन तासांची मर्यादा घाला आणि त्यातला पहिला पाऊण तास फक्त सांगाड्यावर द्या : आजचा प्रश्न कोणता, तीन मुद्दे कोणते, एक उदाहरण सविस्तर, आणि मुलांनी दहा मिनिटं स्वतः करायचं एक काम. स्लाइड सगळ्यात शेवटी. स्लाइडपासून सुरुवात केली की रंग आणि बाण जुळवण्यात तास जातो, आणि तास चांगला गेल्याचं खोटं समाधानही मिळतं. वर्गातून आल्यावर पाच मिनिटांत काय जमलं नाही ते त्याच फाइलच्या वर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच नोंद तुमचे दोन तास वाचवेल.

निरोपांसाठी दिवसातून दोन खिडक्या ठरवा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या. एक दुपारी, एक निघण्याआधी. सकाळची पहिली वेळ देऊ नका. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामाचा काही अंश लक्षात रेंगाळतो आणि पुढचं काम त्यामुळे कच्चं होतं. संगणक उघडल्यावर होणाऱ्या धडधडीचं एक कारण हेही असेल : पहिल्या पाच मिनिटांत बारा अपूर्ण गोष्टी दिसतात आणि त्यातली एकही तुम्ही निवडलेली नसते. मेल न उघडता आधी कालची एक फाइल उघडा. विद्यार्थ्यांना सत्राच्या सुरुवातीलाच लिहून कळवा की उत्तर कामाच्या दिवसांत २४ तासांत मिळेल, रात्री मिळणार नाही, आणि भेटीची वेळ मंगळवार-गुरुवार तीन ते चार. पहिले दोन आठवडे मुलं रात्रीही विचारतील. तुम्ही एकदा जरी साडेअकराला उत्तर दिलंत, तर नियम मोडला असं मुलं समजतात आणि त्यात त्यांची चूक नसते. एकच शंका तिसऱ्यांदा आली की उत्तर सगळ्या वर्गाला पाठवा.

अहवालासाठी एक गोष्ट करा. स्वतःच्या पेपरांची एकच मूळ एक्सेल शीट ठेवा : वर्ष, पेपर, नोंदणी, परीक्षेला बसलेले, उत्तीर्ण, मुलं, मुली, स्वतःचे निबंध, व्याख्यानं. सत्र संपलं की अर्धा तास देऊन ती भरायची. नमुना कितीही वेळा बदलला तरी आकडे शोधायला लागत नाहीत.

आता समित्या. इथे गोष्ट वेळेइतकीच भिडेचीही आहे. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्या कामाने बढतीला काहीच हातभार लागत नाही, पण कुणीतरी करावंच लागतं, त्यासाठी मिश्र गटात स्त्रिया जास्त वेळा स्वतःहून पुढे होतात, त्यांना विचारलंही जास्त जातं आणि त्या ‘हो’ही जास्त म्हणतात. वेळापत्रक हे असल्या कामाचं अगदी नमुनेदार उदाहरण. नीट केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, एक तासिका धडकली तर सगळा विभाग दाराशी. आणि नीट करणाऱ्याकडेच ते पुन्हा येतं. तीन वर्षं तुमच्याकडे राहिलं, त्याचं कारण हेच असणार.

बैठकीत तोंडी ‘हो’ म्हणायचं नाही, एवढा एक नियम पाळा. ‘डायरी बघून उद्या सांगते.’ उद्या खरंच सांगायचं. नकार द्यायचा तर कारणांची माळ लावू नका, प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा काढतो आणि तुम्ही अडकता. ‘हे घेते, मग परीक्षा समिती कुणाकडे देऊ या?’ असा प्रश्न नकारापेक्षा बरा चालतो. आणि घ्याल त्या कामाची मुदत आधी ठरवून घ्या, एक सत्र किंवा एक वर्ष. मुदत न ठरलेलं काम निवृत्तीपर्यंत गळ्यात राहू शकतं.

‘सगळ्यांचंच असं आहे’ म्हणणाऱ्या सरांशी वाद घालू नका. ते खरंही असेल, पण त्याने तुमचे तास कमी होत नाहीत. नोंदीचा एक पानी तक्ता जोडून असं काहीसं पत्र द्या :

‘आदरणीय सर, या सत्रातल्या माझ्या कामाचा तक्ता सोबत आहे. नेहमीच्या आठवड्यात ५६ तास होतात, तपासणीच्या आठवड्यात ७७. संशोधनासाठी सध्या वेळ उरत नाही. वेळापत्रकाचं काम मी सलग तीन वर्षं केलं आहे. पुढच्या सत्रापासून ते अन्य सहकाऱ्यांकडे द्यावं, अशी विनंती आहे. पहिले दोन आठवडे सोबत बसून मी ते समजावून देईन. ते शक्य नसेल तर दोन तासिका कमी करता येतील का, हे पाहावं. यावर बोलण्यासाठी गुरुवारी वीस मिनिटं मिळतील का?’

मागणी एकच ठेवा, तिला एकच पर्याय द्या, आणि सोपवून देण्याची तयारी दाखवा. पाच मागण्या असल्या की त्यातली सगळ्यात सोपी, म्हणजे सगळ्यात निरुपयोगी, मान्य होते. इतर कोण किती काम करत नाही, हे पत्रात चुकूनही आणू नका. तिथून पुढे चर्चा कामावर न होता माणसांवर होते. आणि वेळ साधा. पुढच्या सत्राची वाटणी ठरण्याआधी चार-सहा आठवडे पत्र गेलं पाहिजे, वेळापत्रक लागल्यावर सरांच्याही हातात काही उरत नाही. बैठकीत जे ठरलं ते त्याच दिवशी दोन ओळींत ईमेल करा. एखाद-दोन सहकाऱ्यांनीही स्वतःची नोंद ठेवली असेल तर सगळ्यांच्या कामाचा तक्ता विभागात उघडा लावायची सूचना करून पाहा. कुणाकडे काय आहे हे सगळ्यांना दिसू लागलं की निम्मी कुरबूर मिटते, आणि ज्यांच्याकडे खरंच कमी आहे ते स्वतःहून एखादं काम उचलतात. निदान काही जण तरी.

संशोधनासाठी मोठ्या सुट्टीची वाट पाहणं सोडा. आठवड्यात चार वेळा ४५ मिनिटं, ठरलेल्या वारी, शक्यतो सकाळी, केबिनबाहेर. ग्रंथालयाचा कोपरा चालेल. उठताना पुढचं वाक्य अर्धवट लिहून ठेवा, म्हणजे उद्या सुरुवात शोधावी लागत नाही. पहिले तीन आठवडे फक्त जुना मसुदा वाचण्यात गेले तरी ‘श’ लिहा. चारही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची महिन्यातून एक भेट एकत्र ठेवलीत तर तुमचा वेळ वाचेल आणि ते एकमेकांचे मसुदे वाचायला लागतील.

घरी गेल्यावर काम डोक्यातून जात नाही ही तक्रार तुम्ही केली नाही, पण असणार. सबीने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्स यांनी २००७ मध्ये विश्रांतीचे चार घटक वेगळे करून मोजले : कामापासून मनाने सुटणं, आराम, काहीतरी नवं शिकण्याचा अनुभव, आणि मोकळ्या वेळेवर आपला ताबा. सोफ्यावर बसून ग्रुप चाळत राहण्यात यातलं एकही नाही. निघण्याआधी दहा मिनिटं राखा. अपूर्ण कामांची यादी लिहा आणि प्रत्येकापुढे कधी आणि कुठे करणार ते लिहा, ‘मंगळवार, साडेदहा, ग्रंथालय’ इतकं नेमकं. मॅसिकँपो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की काम पूर्ण झालं नसलं तरी त्याची नेमकी योजना झाली की ते मनात डोकावायचं थांबतं. नुसती यादी पुरत नाही, वार आणि वेळ हवी.

नोकरी सोडू का, याचं उत्तर आत्ता देऊ नका. तपासणीच्या महिन्यात तर नक्कीच नको. एक सत्र नोंद, पत्र आणि वरचे बदल करून पाहा आणि सत्राच्या शेवटी पुन्हा दोन आठवडे नोंद ठेवा. तास ४८ च्या आत आले, गोल खुणा घटल्या आणि दाराशी आलेल्या मुलाकडे बघून पूर्वीसारखं ‘ये, बस’ निघालं, तर प्रश्न नोकरीचा नव्हता, वाटणीचा होता. तास कमी होऊनही वर्गातल्या तासापुढे उणे खूण येऊ लागली, तर मात्र सोडण्याचा विचार गंभीरपणे करा, कारण मग समाधानाचा झराच आटतो आहे. तिसरी शक्यता अशी की तुम्ही सगळं केलंत, आकडे दाखवलेत, आणि वरून काहीच हललं नाही. तेव्हा प्रश्न संस्थेचा आहे, व्यवसायाचा नाही. दुसरा विभाग, दुसरं विद्यापीठ, अभ्यासरजा हे पर्याय आधी चाचपून पाहा. राजीनामा शेवटी.

राहिला ता. क. त्या एका वाक्याचं काय करायचं? अभिप्रायाचा अख्खा गठ्ठा घ्या, दिवसा, कुणीतरी समजूतदार सहकारी शेजारी असताना. प्रत्येक शेऱ्याचा विषय एका शब्दात लिहा : वेग, उदाहरणं, फळा, गुण, वागणूक. मग मोजा. एकदाच आलेला विषय बाजूला ठेवा, तीन किंवा जास्त वेळा आलेल्यावरच काही करायचं. ‘वागणूक’ एकदाच असेल, तर ते एका मुलाचं एका दिवसाचं मत आहे. तीन-चारदा असेल, तर त्या मुलांनी तुमची नोंदवही न बघताच तुमचे ५६ तास मोजले आहेत. मग पुढच्या वर्गात दोन वाक्यांत सांगून टाका : ‘हल्ली माझा आवाज चढतो हे मला कळलंय. पुन्हा चढला तर हात वर करा.’ मुलं हात वर करतात, बहुतेक वेळा हसत.